जुने गुन्हे, नवी शिक्षा : नंदनवनच्या ताईंना उत्तर

या वेळचं पत्र नागपूरच्या नंदनवन भागातून आलंय. ओळख पटेल असं सगळं गाळून मोजका मजकूर देते.

‘मॅडम, माझा लहान भाऊ २९ वर्षांचा आहे. नऊ महिन्यांपासून जेलमध्ये आहे. कळमन्याजवळ रात्री तिघांनी एका टेम्पोवाल्याला अडवून पैसे आणि मोबाइल हिसकला. टेम्पोवाल्याच्या तळहाताला चाकू लागला, टाके पडले. भाऊ त्या तिघांत होता, हे मी नाकारत नाही. केस सेशन कोर्टात आहे. त्याच्यावर आधीचंही आहे. सोळा वर्षांचा असताना एकदा बाल न्याय मंडळापुढे गेला होता. २०१६ मध्ये मोटारसायकल चोरीत गुन्हा कबूल केला आणि भोगली तेवढी शिक्षा म्हणून सुटला. २०१९ मध्ये मोबाइल चोरीत सहा महिने लागले. एका केसमध्ये निर्दोष सुटला. मग तीन वर्षं हिंगण्याला कंपनीत नीट कामाला होता. ते काम सुटलं आणि परत तेच. २०२३ च्या चोरीच्या दोन केसेस अजून चालू आहेत. पेपरात "सराईत गुन्हेगार" म्हणून छापून आलं. शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणतो, तिसऱ्यांदा गुन्हा केला की सरळ जन्मठेप. जेलमधले लोक भावाला सांगतात, त्या दोन केसेस कबूल करून टाक आणि मोकळा हो. जुन्या गुन्ह्यांमुळे त्याची शिक्षा किती वाढेल? आईला मी अजून काहीच सांगितलं नाही.’

ताई, आधी तातडीचं सांगते, कारण ते थांबू शकत नाही. जेलमध्ये पुढच्या भेटीला जाल तेव्हा भावाला एवढंच सांगा की वकिलाशी बोलल्याशिवाय त्या दोन केसेसमध्ये काहीही कबूल करायचं नाही. कारण खाली सविस्तर लिहिते, पण निरोप आधी पोचू द्या.

आता तुमचा प्रश्न. वस्तीत ज्याला ‘रेकॉर्ड’ म्हणतात आणि शिक्षा ठरवताना कोर्ट ज्याला रेकॉर्ड धरतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तीच्या हिशेबात तुमच्या भावावर सहा जुन्या गोष्टी आहेत. कोर्टाच्या हिशेबात दोनच. गेली वीस वर्षं मी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं करतेय, आणि हा फरक घरच्यांना कोणी समजावून सांगितलेला मला क्वचितच दिसला. त्यामुळे एकेक करून बघू.

सोळाव्या वर्षीचं प्रकरण मोजायचंच नाही. बालन्याय कायदा २००० चा घ्या की २०१५ चा, दोन्हींत स्पष्ट लिहिलंय की मंडळापुढे निकाली निघालेल्या अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. कोणी कोर्टात तो विषय काढला तर तुमच्या वकिलांनी तिथल्या तिथे हरकत घ्यावी. निर्दोष सुटलेली केसही बाद. निर्दोष म्हणजे निर्दोष, ‘सुटला कसाबसा’ असा अर्थ वस्ती काढते, कायदा काढत नाही.

चालू असलेल्या दोन केसेसबद्दल आपल्याच विदर्भातला एक दाखला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या एका अतिशय क्रूर गुन्ह्यात फाशीची शिक्षा झाली होती. त्या आरोपीवर इतर खटले प्रलंबित होते आणि फाशी देताना तेही त्याच्या विरोधात धरले गेले होते. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फाशी रद्द करून आयुष्यभराची कैद दिली. त्या निकालात न्यायालयाने म्हटलं की केवळ खटला प्रलंबित आहे म्हणून तो शिक्षा ठरवताना माणसाच्या विरोधात धरता येत नाही, कारण जोवर दोष सिद्ध होत नाही तोवर तो निर्दोषच असतो. एवढ्या भयंकर गुन्ह्यात हे तत्त्व लागू झालं, तर तुमच्या भावाच्या केसमध्ये ते मांडायला वकिलांनी जराही कचरू नये.

उरल्या २०१६ आणि २०१९ च्या दोन शिक्षा. यातल्या पहिलीपाशी मला थोडं थांबावंसं वाटतं. ‘कबूल केलं आणि भोगली तेवढी शिक्षा म्हणून सुटला’ हे तुमचं वाक्य मी शेकडो घरांतून ऐकलंय, आणि सगळ्यांना वाटतं की ती शिक्षा नव्हेच, सुटका होती. ताई, ती दोषसिद्धी आहे. पूर्ण, पक्की. त्या दिवशी काय झालं असेल ते मी न पाहताही सांगू शकते. सकाळी आठ-दहा पोरं गाडीतून आणली असतील, बाकावर बसवली असतील, कोणीतरी कानात सांगितलं असेल ‘साहेबांनी विचारलं की हो म्हण, संध्याकाळी घरी जाशील’. आणि त्याने हो म्हटलं. दोन मिनिटांचं काम. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. परिवीक्षा कायदा, १९५८ मध्ये खास तरतूद आहे की एकवीस वर्षांखालच्या मुलाला अशा गुन्ह्यात तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येईल का ते बघावं, आणि पाठवायचंच असेल तर त्याची कारणं लिहावीत. त्या वाटेने सोडलं असतं तर त्याच कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे दोषसिद्धीची अपात्रताही त्याला चिकटली नसती. त्या दिवशी त्याच्या बाजूला एक वकील उभा असता तर कदाचित आज तुमच्या पत्रात एक ओळ कमी असती. मला याचं फार वाईट वाटतं, आणि हे वाचणाऱ्या ज्या कोणाचा अठरा-वीस वर्षांचा पोरगा पहिल्यांदाच कोर्टात उभा राहणार असेल, त्यांनी हे लक्षात घ्यावं म्हणून मुद्दाम लिहिलं.

तर या दोन शिक्षांचं वजन किती? गुन्हा १ जुलै २०२४ नंतरचा आहे, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता लागू होते. तुम्ही पाठवलेल्या दोषारोपपत्राच्या फोटोत कलम ३०९(६) आणि कलम ३११ दिसतात. ३०९(६) म्हणजे जबरी चोरी करताना इजा करणं. याला शिक्षा जन्मठेप, किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आणि ती इजा कोणी केली हे इथे महत्त्वाचं नाही, सोबत असलेल्या सगळ्यांना ते कलम लागतं. ३११ म्हणजे जबरी चोरीत प्राणघातक हत्यार वापरणं किंवा गंभीर दुखापत करणं. तिथे किमान सात वर्षं. सात म्हणजे सात, न्यायाधीशांना कितीही दया आली तरी त्याखाली जाता येत नाही.

पुनर्गुन्हेगाराला जादा शिक्षा देणारं जे कलम आहे, ते संहितेचं १३ वं. जुन्या दंड संहितेत ते ७५ वं होतं. मालमत्तेविरुद्धच्या किंवा खोट्या नाण्या-नोटांच्या, तीन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात आधी दोषी ठरलेला माणूस पुन्हा तसाच गुन्हा करून दोषी ठरला, तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद देता येते, असं ते सांगतं. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. ३०९(६) मध्येही जन्मठेप किंवा दहा वर्षं, कलम १३ मध्येही जन्मठेप किंवा दहा वर्षं. म्हणजे जुन्या शिक्षांमुळे तुमच्या भावाच्या शिक्षेची वरची हद्द एका दिवसानेही वाढत नाही. ती इतकी उंच आहे ती टेम्पोवाल्याच्या तळहाताला लागलेल्या चाकूमुळे. आणि खालची सात वर्षांची हद्दही हत्यारामुळे आहे, जुन्या चोऱ्यांमुळे नाही.

म्हणून ‘तिसऱ्यांदा म्हणजे सरळ जन्मठेप’ हे खरं नाही. शेजारच्या मुलाने मोबाइलवर जे पाहिलं असेल ते बहुतेक अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याचं असावं. तिथे १९९४ मध्ये असा कायदा झाला की आधी दोन गंभीर गुन्हे सिद्ध झालेल्याला तिसऱ्या गुन्ह्यात किमान पंचवीस वर्षांची जन्मठेप. सुरुवातीला तिसरा गुन्हा साध्या चोरीचा असला तरी लोक त्यात अडकायचे, २०१२ मध्ये तिथल्याच मतदारांनी तो सौम्य केला. आपल्याकडे काही विशिष्ट गुन्ह्यांत, म्हणजे बलात्कार दुसऱ्यांदा सिद्ध झाला तर किंवा जन्मठेप भोगताना खून केला तर, कायदा खूप कडक होतो. चोरी-जबरी चोरीत गिनती करून आपोआप जन्मठेप देणारी तरतूद नाही.

मग जुन्या शिक्षा कुठेच आड येत नाहीत का? येतात. खालची हद्द आणि वरची हद्द यांच्या मधल्या पट्ट्यात. सात द्यायची की नऊ, नऊ द्यायची की दहा, हे ठरवताना न्यायाधीश त्या दोन निकालांकडे बघतील आणि बघणं चूकही नाही. कलम १३ बाबत एक मुद्दा वकिलांच्या कानावर घाला. त्या कलमाचे शब्द ‘या संहितेच्या’ प्रकरणातले गुन्हे असे आहेत, आणि भावाच्या दोन्ही शिक्षा जुन्या दंड संहितेखालच्या आहेत. सरकारी पक्ष म्हणेल की मालमत्तेच्या गुन्ह्यांचं प्रकरण तिकडेही सतरावं होतं, इकडेही सतरावंच आहे. पण शिक्षा वाढवणाऱ्या कायद्याचा अर्थ काटेकोर लावायचा असतो, तेव्हा हा युक्तिवाद नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

माझ्या मते तुमची खरी लढाई रेकॉर्डवर नाही, चाकूवर आहे. चाकू कोणाच्या हातात होता? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, कदाचित तुम्हाला माहीतही नसेल. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच, जुन्या ३९७ कलमाखाली, दोन गोष्टी सांगितल्या. चाकू नुसता उगारून दाखवला तरी तो ‘वापरला’ असंच धरतात. पण किमान सात वर्षांची अट ज्याने हत्यार वापरलं त्यालाच लागते, सोबतच्याला नाही. आताच्या ३११ ची शब्दरचना तीच आहे. म्हणजे साक्षीपुराव्यात तुमच्या भावाच्या हातात चाकू नव्हता असं निघालं, तर ३०९(६) कायम राहूनही सातची किमान हद्द त्याच्यापुरती गळून पडू शकते. टेम्पोवाल्याने पोलिसांना दिलेल्या जबाबात हे कसं लिहिलंय, ते वकिलांसोबत बसून ओळ न ओळ वाचा.

आणखी एक दिलासा. गुन्हा सिद्ध होईपर्यंत भावाच्या जुन्या शिक्षांचा उल्लेख सेशन कोर्टात सरकारी पक्षाला पुराव्यात करता येत नाही, न्यायाधीशांनाही तो आरोप वाचून दाखवता येत नाही. ‘आधी चोरी केली म्हणजे हीही केली असणार’ हा तर्क आपल्याकडे चालत नाही. हो, बचाव पक्षाने स्वतःहून ‘हा फार सज्जन माणूस आहे’ असा पुरावा आणला की दार उघडतं, म्हणून मोहल्ल्यातल्या कोणाला चारित्र्याची साक्ष द्यायला उत्साहाने नेऊ नका. दोष सिद्ध झाल्यावर मात्र जुन्या शिक्षा पुढे येतात, आणि जादा शिक्षा मागायची असेल तर त्यांची तारीख-ठिकाणासह नोंद आरोपात असावी लागते. भावाने त्या नाकारल्या तर सरकारी पक्षाला निकालाची प्रमाणित नक्कल किंवा तुरुंगाचा दाखला आणून सिद्ध कराव्या लागतात, आणि तो माणूस हाच, हेही दाखवावं लागतं. पोलिसांनी हाताने लिहिलेली गुन्ह्यांची यादी त्यासाठी पुरत नाही. खोटं बोलायला मी कधीच सांगणार नाही. खऱ्या शिक्षा नाकारून काही हाती लागत नाही, उलट न्यायाधीशांचं मन उतरतं. पण यादीत दुसऱ्याच कोणाची केस घुसलेली असते, असं मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय. त्यामुळे यादी तपासा.

आता त्या कबुलीचं कारण. २०२३ च्या दोन केसेस आज फक्त प्रलंबित आहेत, म्हणून त्यांचं वजन शून्य. भावाने आज त्या कबूल केल्या की त्या दोन नव्या दोषसिद्धी होतात. कलम १३ साठी त्या लागू पडू नयेत, कारण त्यासाठी आधीची शिक्षा नव्या गुन्ह्यापूर्वीची असावी लागते. पण सेशनचे न्यायाधीश शिक्षा ठरवतील तेव्हा समोर दोनऐवजी चार निकाल असतील. शिवाय आधीच एक शिक्षा भोगत असलेल्या माणसाला दुसरी शिक्षा झाली, तर पहिली संपल्यावर दुसरी सुरू होते, असा सर्वसाधारण नियम आहे. दोन्ही एकत्र भोगायच्या तर कोर्टाचा तसा आदेश लागतो, आणि तो मागावा लागतो. जेलमधली मंडळी वाईट हेतूने सांगत नाहीत, पेशीच्या फेऱ्यांना माणूस कंटाळतो. एखादे वेळी कबुली हा शहाणपणाचा मार्ग असूही शकतो, पण तो तिन्ही केसेस एकत्र मांडून वकिलाने ठरवायचा.

जामिनावर फार लिहीत नाही. जन्मठेपेपर्यंतचा गुन्हा आणि वर चोरीच्या दोन शिक्षा, त्यामुळे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आशा नव्हतीच. सेशन आणि उच्च न्यायालयाचे अधिकार मोठे आहेत, तिथे अर्ज करता येतो. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्याला, एक तृतीयांश मुदत भोगल्यावर सोडण्याची नवी सवलत भावाला मिळणार नाही. एक नक्की, आत काढलेले हे नऊ महिने शेवटी होणाऱ्या मुदतीच्या शिक्षेतून वजा होतात.

दोषी ठरवल्यावर न्यायाधीश शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीला ऐकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नव्या कायद्याचं, २५८ वं कलम. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये सांगितलंय की हे ऐकणं नुसता उपचार नाही, आरोपीला त्या वेळी कागद आणि पुरावेही देता आले पाहिजेत. प्रत्यक्षात काय होतं? दुपारी निकाल वाचला जातो, आरोपीला विचारतात ‘काही सांगायचंय?’, तो हात जोडतो, ‘गरीब आहे साहेब, म्हातारी आई आहे’ म्हणतो, आणि तासाभरात शिक्षा. मी एका आईला त्या क्षणी कोर्टाच्या दाराशी पिशवीत हात घालून कागद शोधताना पाहिलंय. मुलाच्या व्यसनमुक्तीचा दाखला होता तिच्याकडे. घडी करून करून चार तुकडे झालेला, प्लास्टिकच्या पिशवीत चपातीच्या डब्याखाली. तो बाहेर निघेपर्यंत आत पुढची केस पुकारली होती.

तुमच्याकडे तर कागद आहेत, ताई. पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलेली ती हिंगण्याची तीन वर्षं माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. सहा महिने भोगून बाहेर आल्यावर हा माणूस तीन वर्षं रोज सकाळी कामावर गेला आणि त्या काळात त्याच्यावर एकही गुन्हा नाही. ‘सुधारू शकतो’ हे सांगायला यापेक्षा चांगला पुरावा कोणता? भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात महिन्याची नोंद असते, ती काढा. पगाराच्या पावत्या, विमा कार्ड, ठेकेदाराचं पत्र मिळालं तर उत्तम. काम का सुटलं तेही लिहून घ्या. जेलमध्ये तो काम करतो का, शिकतो का, वर्तणूक कशी, याचा अहवाल वकिलांना अधीक्षकांकडून मागवता येतो. आईच्या आजारपणाचे कागद, तुमचं स्वतःचं एक प्रतिज्ञापत्र. हे सगळं निकालाच्या दिवशी नको, आतापासून एका फाइलमध्ये असू द्या. त्या फाइलमध्ये २०१६ आणि २०१९ च्या निकालांच्या प्रमाणित नकलाही ठेवा, कारण तिथे नेमकं कलम आणि शिक्षा काय होती हे तुम्हालाच माहीत नसेल तर यादीतली चूक पकडणार कशी? केस नंबर हरवले असतील तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर नावाने शोधता येतात, मग जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज द्या.

एक सांगायला हवं, मला ते टाळता येत नाही. या गोष्टीत एक टेम्पोवाला आहे. रात्री भाजी-धान्याचा माल वाहून पोट भरणारा, तुमच्या भावासारखाच कोणाचा तरी भाऊ. त्याला भेटायला जाऊ नका, कोणाकरवी पैसेही पाठवू नका. जबरी चोरी आपसात मिटवता येत नाही, आणि साक्षीदाराला गाठलं असं दिसलं तर भावावर आणि तुमच्यावर नवी केस होते. पण शिक्षेच्या सुनावणीत वकिलांमार्फत कोर्टाला सांगता येतं की जखमीला कोर्ट ठरवेल ती भरपाई द्यायची घरच्यांची तयारी आहे. जमत असेल तरच सांगा. त्याचा तळहात कापला गेलाय, त्याचे कामाचे दिवस बुडालेत, हे भावानेही स्वतःच्या तोंडाने म्हणावं असं मला मनापासून वाटतं, मात्र तेही दोष सिद्ध झाल्यानंतर.

वकिलांची फी झेपत नसेल तर कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा, नाहीतर १५१०० वर फोन करा. जेलमधूनही अर्ज करता येतो.

आईचं लिहिलंत म्हणून सांगते. त्यांना सांगा. निकालाच्या दिवशी बाहेरच्या कोणाकडून कळण्यापेक्षा आज तुमच्याकडून कळू दे. सात वर्षं हा आकडाही सांगा, कारण ३११ टिकलं तर तो खरा ठरेल, आणि त्याहून मोठा आकडा कानावर पडण्याची शक्यताही झाकून ठेवू नका. कदाचित हिंगण्याच्या पगाराच्या पावत्या त्यांनीच कुठल्यातरी डब्यात जपून ठेवल्या असतील.